शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातली झाडं पावसाळ्यात का मरतात?

गोव्यातल्या फोंड्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे सव्वा वर्षाची व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) मादी आहे. दोन बाय दोन बाय चार फुटांचा जाळीचा पिंजरा, आत मनी प्लांट, छत्रीसारख्या पानांचा शेफ्लेरा आणि जास्वंद. मेअखेरपर्यंत सगळं ठीक होतं. जुलै लागल्यापासून मनी प्लांट पिवळा पडतोय, शेफ्लेराची पानं हात लावताच गळतात, जास्वंद कळी धरत नाही आणि कुंड्यांवर बारीक काळ्या माश्या उडतात. दिवसातून चार वेळा फवारा मारतात, कारण तसं वाचलं होतं. भरीस भर म्हणून मादी गेले दोन दिवस शेफ्लेराच्या कुंडीत उतरून माती उकरतेय. ताई विचारतात, ‘सगळं काढून प्लास्टिकची झाडं लावू का?’

ताई, उकरण्याचं आधी बघू. झाडं चार दिवस तशीच राहू द्या.

या वयाची व्हेल्ड मादी कुंडीत उतरून माती उकरते ती बहुतेक अंडी घालायला जागा शोधत असते. नराशी कधी गाठ पडलेली नसली तरी या जातीच्या माद्या अंडी घालतात, फक्त ती फळत नाहीत. पोट दोन्ही बाजूंनी टम्म दिसत असेल आणि गडद अंगावर निळसर-पिवळे ठिपके उठले असतील तर शंकाच नको. आजच एक फूटभर खोल आणि तेवढाच रुंद टब घ्या. त्यात धुतलेली नदीची वाळू भरा. बोट घालून भोक पाडलं तर ते ढासळू नये, इतपत ती ओली हवी. मिरामार-कोलव्याच्या किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका, तिच्यात मीठ असतं. टब पिंजऱ्यात ठेवला की बाहेरून चादर लावा आणि सारखं डोकावू नका. माणूस दिसला की ती खणणं अर्धवट सोडते. मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसायला लागली किंवा फांदीवरची पकड ढिली पडली, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम केलेल्या पशुवैद्याकडे न्या. वाळूचा टब यापुढे पिंजऱ्यात कायमचाच राहू द्या.

आता झाडं. प्लास्टिकची नकोत. व्हेल्ड शॅमेलिऑन किड्यांबरोबर पानंही खातो, आणि प्लास्टिकचं पान चावून तुकडा पोटात गेला तर आतडं तुंबतं. शिवाय हा प्राणी वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे सहसा बघतही नाही, पानावरचे थेंब चाटून पितो. दाट पाल्यात लपायला मिळालं नाही तर तो सतत ताणाखाली राहतो, खाणं कमी करतो. झाडं हवीतच, आणि तुमची झाडं वाचतीलही.

तुम्ही सांगितलेल्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे: कुंडीत पाणी जास्त आणि पानांवर उजेड कमी. दिवसाला चार फवारे हा सल्ला ज्या घरांसाठी लिहिलाय तिथे हिवाळ्यात हीटर चालू असतो आणि हवा कोरडी ठाक असते. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत गोव्यातल्या घरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत त्या हवेत कुंडी कशी वाळणार? तुम्ही फवारा मादीसाठी मारता, पण पानावरून ओघळलेलं सगळं पाणी शेवटी कुंडीत जातं. जनावराला पाणी पाजणं वेगळं आणि झाडाला पाणी घालणं वेगळं. ही दोन कामं एकाच फवाऱ्यावर सोपवली की गोव्यातल्या पावसाळ्यात मुळं कुजणारच.

खात्री करायची असेल तर अंडी घालून झाल्यावर मनी प्लांटची कुंडी बाहेर काढा, उलटी धरून गड्डा सोडवा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सरकून हातात येते आणि आत केसासारखा धागा तेवढा उरतो. मातीला कुबट वास येत असेल तर वेगळं काही तपासायला नको. आणखी एक खूण आहे. पहाटे, फवारा मारायच्या आधी, मनी प्लांटची पानं बघा. प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत असेल तर ते बाहेरून पडलेलं पाणी नाही. माती तुडुंब ओली आणि हवा दमट असली की झाड मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पानांच्या कडेने बाहेर टाकतं. असा थेंब रोज दिसला तर कुंडीला पाणी घालणं थांबवा.

फवाऱ्याचं वेळापत्रक ऋतूवर ठरवा. व्हेल्ड हा मुळात यमन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगरउतारांवरचा प्राणी. दिवसा तिथे हवा बऱ्यापैकी कोरडी असते आणि रात्री-पहाटे दव, धुकं. जून ते सप्टेंबर पहाटे, दिवे लागायच्या आधी, एकदाच दोन मिनिटं फवारा पुरे. दहा-अकरापर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. झाली नाहीत तर हवा खेळत नाहीये असं समजा. बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा जुना पंखा जाळीच्या बाहेरून, वरच्या बाजूला, हवा बाहेर ओढेल असा लावा. जनावराच्या अंगावर थेट झोत येता कामा नये. दिवसभर ओलं राहिलेलं पान ठिपक्यांनी भरतं, आणि त्याच हवेत शॅमेलिऑनला छातीचा संसर्ग होतो. दुपारी पाणी पाजायचं असेल तर थेंब-थेंब पडणारी बाटली वर ठेवा. थेंब रुंद पानावर पडावा आणि खाली रिकाम्या डब्यात जावा, कुंडीत नाही. डबा दोन-तीन दिवसांनी न चुकता ओता. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि पावसाळ्यात डेंग्यू आपल्याला नवा नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते, तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी असे दोन फवारे. एप्रिल-मे वेगळाच. खोली ३३-३४ अंशांवर गेली की उष्णतेचा दिवा बंद ठेवा. मादीला दिव्याखालच्या फांदीवरही २७ ते २९ अंश पुरतात. त्यापुढे तिलाही त्रास आणि पानंही भाजतात. किनारपट्टीवरच्या काही विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत वाळायला लागल्या तर पाण्याची चव घेऊन बघा. असं पाणी जनावरालाही नको.

कुंडी भरण्याबाबत आपल्याकडे एक पक्की समजूत आहे, की तळाशी विटांचे किंवा कौलांचे तुकडे घातले की पाणी लवकर निथळतं. तसं होत नाही. पाणी बारीक मातीतून जाड तुकड्यांच्या थरात सहजी उतरत नाही, त्या थराच्या वरच थबकतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. फुटक्या मंगळुरी कौलांचे तुकडे कुंडीच्या आत न घालता कुंडीच्या खाली ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात. माती म्हणाल तर आपली लाल माती एकटी वापरली की पाण्याने घट्ट बसते आणि नुसतं कोकोपीट पावसाळ्यात वाळतच नाही. मी दोन भाग नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग जाड नदीची वाळू, अर्धा भाग जुनं गांडूळखत आणि मूठभर करवंटीचा कोळसा असं मिश्रण वापरतो. सोडणं आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची, त्यांतलं लालसर पाणी निघून जाऊ द्यायचं. नर्सरीवाले पर्लाइट घालायला सांगतील. नको. ते पांढरे दाणे शॅमेलिऑनला किड्यासारखे दिसतात आणि जीभ सुटली की दाणा पोटात. मातीचा वरचा थर जनावराच्या तोंडात मावणार नाहीत अशा गोल गोट्यांनी झाका. वाळूचा टब दिलेला असला की मादीची त्याने अडचण होत नाही.

त्या काळ्या माश्यांची अळी ओल्या मातीच्या वरच्या इंचभरात वाढते. वरचा थर आठवडा-दोन आठवडे कोरडा राहिला की त्या आपोआप कमी होतात. पिवळे चिकट कागद लावायचे तर पिंजऱ्याच्या बाहेरच. आत लावले तर जीभ किंवा पाय चिकटतो आणि सोडवताना कातडी जाते.

आता उजेड. पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, याच्याकडे कुणाचंच जात नाही. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) नळी जनावराच्या हाडांसाठी असते. तिच्यावर झाडं जगतील हा गैरसमज आहे. आषाढात आभाळ दिवसभर भरलेलं, खिडकीला गज आणि बाहेर आंब्याची सावली, अशा खोलीत खिडकीपासून मीटरभर आत मोबाइलवरच्या लक्स (उजेडाचं माप) मोजणाऱ्या ॲपने बघा. आकडा हजाराच्या आत येईल. मनी प्लांट तेवढ्यावर कसाबसा तग धरतो. शेफ्लेराला चार-पाच हजार तरी हवेत. जास्वंदीला वीस हजारही थोडेच. उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, म्हणजे कुंडी आणखी ओली. दोन्ही दुखणी अशी एकमेकांना पोसतात. उपाय महाग नाही. ६५०० केल्विनच्या (दिवसासारखा पांढरा उजेड देणाऱ्या) दोन साध्या एलईडी पट्ट्या जाळीच्या वरून लावा, बारा तास टायमरवर. गुलाबी-जांभळ्या ‘ग्रो लाइट’च्या नादी लागू नका. झाड त्यात वाढतं, पण त्या रंगात जनावर आजारी आहे की ठणठणीत हे तुम्हाला कळणार नाही. उष्णतेच्या दिव्यापासून वीतभर अंतरात कोंब येऊ देऊ नका, छाटत राहा.

ऊन पडलं की पिंजरा तासभर बलकांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) नेण्यासारखं दुसरं औषध नाही, जनावराला आणि झाडांना दोघांनाही. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी येत नाही, म्हणून काचेआडचं ऊन त्यासाठी धरू नका. मात्र बाहेर ठेवाल तेव्हा अर्धा पिंजरा सावलीत हवा आणि तुम्ही तिथेच बसलेलं हवं. मांजर, कावळे आहेतच, शिवाय भारद्वाज सरडे खातो.

कुठलं झाड लावावं यावर माझी मतं जरा ठाम आहेत. मनी प्लांट पहिला. त्यात ऑक्झलेटचे स्फटिक असतात हे खरं, पण जगभर लोक वर्षानुवर्षं तो व्हेल्डच्या पिंजऱ्यात लावतात आणि पानं कुरतडणाऱ्या प्राण्यांना सहसा काही होत नाही. अधाशासारखी खायला लागली तर जास्वंदीची पानं पुढे करा. खालच्या अंधाऱ्या, दमट भागात नेफ्रोलेपिस नेचा लावा. पावसात चिऱ्यांच्या गडग्यावर नेचे कसे फोफावतात ते आपण बघतोच. स्पायडर प्लांट चालतो. अरेका पाम दिसायला छान, पण चार फुटी पिंजऱ्यात लवकरच डोकं जाळीला लावतो. वीपिंग फायकस फांद्यांसाठी उत्तम, मात्र जागा बदलली की रुसतो आणि अर्धी पानं टाकतो. त्याला एकदा ठेवलं की हलवू नका. क्रोटन आपल्याकडे प्रत्येक बलकांवात असतो म्हणून लोक तोच आत ठेवतात. त्याचा चीक त्रासदायक असतो, पानं खाणाऱ्या जातीसाठी मी तो टाळतो. डिफेनबाखिया, कण्हेर, अडेनियम, घाणेरी, शेर, धोतरा ही तर घरातसुद्धा पिंजऱ्याजवळ नकोत. तेरं आणि रानअळू परसात फुकट उगवतं, थेंबही त्यावर मोत्यासारखे राहतात, पण घशाला काय करतं ते न शिजलेली भाजी खाल्लेल्याला विचारा. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातून कळलावीची लाल-पिवळी फुलं येतात. उरलेली वेल ‘रानातलीच तर आहे’ म्हणून कुणी पिंजऱ्यात अडकवू नये. कळलावी अत्यंत विषारी आहे.

नर्सरीतून किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं रोप तसंच आत ठेवायचं नाही. परराज्यातून येणाऱ्या मालावर कसली फवारणी झाली ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि काही कीटकनाशकं झाडाच्या आत शोषली जातात, पान धुऊन जात नाहीत. मुळांवरची सगळी माती नळाखाली काढा. खताचे पिवळे-हिरवे गोल दाणे असतील तर एकेक वेचून टाका. नव्या मिश्रणात लावा आणि महिना-दीड महिना बाहेर वाढू द्या. त्या काळात आलेली नवी पालवी तुमच्या भरवशाची.

यातूनच माझी मुख्य पद्धत निघते, ती म्हणजे प्रत्येक झाडाची जोडी ठेवणं. एक आत, एक बलकांवात. दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. आतलं झाड बाहेर जाऊन उजेड खातं, कुंडी वाळते, मोडलेले कोंब भरून येतात. अदलाबदल एका वेळी एकाच कुंडीची करा आणि जिच्यावर मादी झोपते ती फांदी कधीच हलवू नका. सगळं एकदम बदललं की ती दोन दिवस खाणार नाही.

बाहेर गेलेल्या झाडाची झाडाझडती घ्या. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून टिपा, मग सौम्य साबणाचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. हे सगळं बाहेरच करा आणि झाड किमान दोन आठवडे आत नेऊ नका. पिठ्याच्या मागे मुंग्या येतात आणि रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनला त्या सोडत नाहीत. न खाल्लेले रातकिडेही संध्याकाळी काढून घ्या. तेही रात्री कोवळे कोंब कुरतडतात, प्रसंगी जनावरालाही. पानांवर पडलेली विष्ठा आणि तिच्याबरोबरचा पांढरा, खडूसारखा भाग ओल्या फडक्याने पुसा. ‘खतच आहे’ म्हणून मातीत मिसळू नका, त्यातून जंत आणि साल्मोनेला फिरत राहतात. जाळीचंही बघा. साधी लोखंडी जाळी आपल्या खाऱ्या, दमट हवेत दोन पावसाळ्यांत गंजते आणि गंजाचं पाणी कुंडीत उतरतं. ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीचा लेप दिलेली घ्या.

कागदपत्रांचं एक राहिलं. व्हेल्ड शॅमेलिऑन साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची असते. केली नसेल तर वनखात्यात चौकशी करा. अंडी फळून पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद लागते. आणि काजूच्या बागेत सापडलेला देशी शॅमेलिऑन घरी आणायचा विचारसुद्धा नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

चार दिवस झाले की तुमच्या तीन झाडांचं असं करा. मनी प्लांटचे निरोगी वेल दोन-दोन पेरांवर कापा, अरुंद तोंडाच्या बाटल्यांत साध्या पाण्यात ठेवा आणि तोंड काथ्याने बुजवा, म्हणजे रातकिडा आत पडणार नाही. या हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतील. पावसाळाभर त्याच बाटल्या पिंजऱ्यात टांगल्या तरी चालेल, माती नाही म्हणजे माश्याही नाहीत. आठवड्याला पाणी बदला. शेफ्लेरा बलकांवात काढा, पावसाची झड लागणार नाही पण आभाळ दिसेल अशा जागी. बोट दोन पेरं खाली घालून माती कोरडी लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पानं आणखी आठवडाभर गळतील, तेव्हा घाबरून खत घालू नका. खोड नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवं दिसतंय तोवर झाड जिवंत आहे. जास्वंद मात्र पिंजऱ्यातलं झाडच नव्हे. ती परसात जमिनीत लावा, आणि रस्त्याच्या धुळीपासून लांबची पानं-फुलं धुऊन रोज दोन-चार मादीला अडकवून द्या. तेवढ्यात पिंजरा उघडा पडू नये म्हणून खाली नेच्याच्या दोन कुंड्या ठेवा. जुना मनी प्लांट अंडी घालून होईपर्यंत जागेवरच असू द्या.